जेट विमानाचे इंधन

जेट विमानाच्या टाकीत भरतात ते इंधन मोटारीच्या पेट्रोलहून अधिक जहाल व मौल्यवान असा काही अर्क असावा, असा लोकांचा समज असला, तरी वस्तुतः एके काळी घरोघरच्या स्टोव्हमध्ये जळणाऱ्या रॉकेलचेच ते कडक कसोट्यांतून उतरलेले रूप होय. मोटारीच्या सिलिंडरात हवा व पेट्रोल यांचे मिश्रण दाबून नेमक्या क्षणी ठिणगीने पेटवावे लागते आणि ते अवेळी पेटल्यास यंत्र ठोके देऊ लागते, सबब तेथे ठोके टाळण्याची इंधनाची क्षमता दाखवणाऱ्या ऑक्टेन संख्येची तजवीज ठेवावी लागते; जेट यंत्रात मात्र एकदा चेतलेली ज्वाला अखंड जळत राहत असल्याने त्या संख्येला काडीचीही किंमत नाही.

मग पेट्रोल वर्ज्य का, याचा दाखला मुंबईच्या वरळी कोळीवाड्यातच मिळतो. मच्छीमार नौकेचे यंत्र फळ्यांखालच्या कोंदट जागेत असते. तेथे पेट्रोल गळले, तर त्याची वाफ हवेहून जड असल्यामुळे तळाशी साचून राहील आणि एखादी ठिणगीही अनर्थास पुरेल. म्हणून, काटकसरीचा भाग वगळला तरी, नाखव्याला डिझेलच सोयीचे. विमानालाही हीच धास्ती असते. परंतु तांडेलाचे डिझेल आभाळात नेता येत नाही, ते थंडीपायी. सुमारे 11 किलोमीटर उंचीवर तपमान उणे 56 अंश सेल्सियसपर्यंत उतरते, तेव्हा डिझेलमधील मेण थिजून गाळण्या तुंबतात. उलट हवेचा दाब तेथे जमिनीवरच्या जेमतेम एकचतुर्थांश असल्याने पेट्रोल नळ्यांतच उकळू पाहते. रॉकेल या दोहोंच्या मधले. प्रचलित ‘जेट ए-1’ उणे 47 अंशांपर्यंत गोठत नाही (वेगामुळे पंखांचे कवच बाहेरील हवेहून बरेच उबदार राहते, म्हणून एवढे पुरते), आणि 38 अंशांखाली त्याची वाफ ठिणगीने सहसा पेट घेत नाही.

आरंभीची विमाने मात्र पेट्रोलचीच: जे. आर. डी. टाटा यांनी 15 ऑक्टोबर 1932 रोजी ज्यातून कराचीहून जुहूस टपाल आणले, ते ‘पुस मॉथ’ विमान पेट्रोलवरच उडाले होते. वाटेत अहमदाबादेस इंधनाचे डबे बैलगाडीतून आले. याच टपालसेवेतून पुढे घडलेल्या एअर इंडियाकडे 1960 साली बोइंग 707 ही जेट विमाने आली आणि 1962 पर्यंत तिचा सारा ताफा जेट झाला. ठिणगीच्या यंत्रांची लहान विमाने मात्र अद्याप विशेष पेट्रोलच वापरतात.

मुंबईच्या विमानतळास जेट विमानांचे तेल माहुलच्या शुद्धीकरण कारखान्यांतून नळांवाटे पोचते. त्यात मुरलेल्या पाण्याचे उंचावर बर्फकण होतात. यासाठी विमानात भरताना नमुना काचपात्रात घेऊन रसायनाने पारखतात, आणि रसायनाचा रंग पालटल्यास ते तेल नामंजूर होते.