नाव नसलेला शल्यविद

नाक कापणे म्हणजे अब्रू घेणे, हे आपली भाषाच सांगते. १७९२ च्या युद्धात टिपूच्या सैन्याने इंग्रजी फौजेतील कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक कापले. पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतील एका माणसाने मेणाचा साचा करून, कपाळाची त्वचा उतरवून त्याला नवे नाक दिले. त्वचेचा देठ भुवयांमध्ये जोडलेला राखला, म्हणून रक्त वाहते राहिले. आज प्रयोगशाळेत चेहऱ्याचे हाड घडविणाऱ्यांपुढेही रक्तपुरवठ्याचाच प्रश्न आहे. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ने हा वृत्तांत छापला, १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यूने तिथे हीच पद्धत अवलंबिली. रुग्णाचे नाव व चित्र उरले; अब्रू परत देणाऱ्याचे नाव मात्र वृत्तांतात नाही. आम्हांस ज्ञानाच्या इतिहासातली खरी जखम हीच वाटते.