शुगर असलेल्या ज्येष्ठांनो, झोपण्याआधी तळपाय बघा

सातारा-सांगलीच्या ऊस पट्ट्यात अजूनही बरीच वयस्कर माणसं अनवाणी रानात जातात. खोडव्यात बुडखं टोचतं, पाचट कापतं. एरवी माणूस लगेच पाय उचलतो. पण शुगर जुनी असेल तर काटा मोडला तरी कळत नाही. 'दुखत नाही म्हणजे काही नाही' ही समजूतच इथं घात करते.

असं का होतं?
बरीच वर्षं रक्तात साखर जास्त राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. रक्तवाहिन्या अरुंद होऊन पायाला रक्तही कमी पोचतं. त्यामुळे जखम कळत नाही आणि लवकर भरत नाही. पू हाडापर्यंत गेला तर बोट किंवा पाय कापायची वेळ येते.

घरी अशी तपासणी करा
ज्येष्ठांना डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकाला हलकंच एक-दोन सेकंद बोट लावा. दाबू नका. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर डॉक्टरांना पाय दाखवा.

रोज काय करायचं?
- रात्री तळपाय आणि बोटांच्या बेचक्या बघा. वाकता येत नसेल तर आरसा धरा किंवा नातवंडांना बघायला सांगा.
- उसाला पाणी पाजून आल्यावर पाय धुऊन बेचक्या कोरड्या करा, नाहीतर चिखल्या होतात.
- भेगांना तेल किंवा व्हॅसलीन लावा, बेचक्यांत नको.
- चप्पल-बूट घालण्याआधी झटका. घरातही चप्पल घाला.
- चैत्रात शिखर शिंगणापूरला दगड तापतो. देवळात जाड सुती मोजे घाला.

हे करू नका
भोवरी ब्लेडनं कापू नका. बिब्बा किंवा चुना लावू नका. शेकोटीवर किंवा गरम पाण्याच्या पिशवीनं पाय शेकू नका. भाजलेलं कळत नाही.

दवाखान्यात कधी जायचं?
जखम, फोड, सूज, लाली, वास, पू, काळं पडलेलं बोट किंवा पायाच्या जखमेबरोबर ताप, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी जा. शुगर तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. डॉक्टरांना शुगरबरोबर पायही तपासायला सांगा.