फिर्यादच झाली नाही, तर चोरी मोजायची कशी?

रिसर्च प्रपोजल लिहायला बसलं की आपण आधी विचारतो, डेटा कुठे मिळेल? आज त्याच्या पुढचा प्रश्न बघू : मिळालेला डेटा नक्की कशाची नोंद आहे? उदाहरण घेऊ लंडनमधल्या दुकानचोरीचं.

१६९९ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदा केला. दुकानातून कुणाच्या नकळत ५ शिलिंग किंवा जास्त किमतीचा माल चोरला, तर शिक्षा फाशी. चोराला पकडून गुन्हा शाबित करणाऱ्याला बक्षीसही होतं : पॅरिशच्या सक्तीच्या पदांमधून आणि कामांमधून सूट देणारा दाखला. टायबर्न ही लंडनची फाशीची जागा, म्हणून लोक त्याला 'टायबर्न तिकीट' म्हणत.

तरीही अनेक दुकानदार फिर्याद टाळायचे. का? एक तर सरकारी वकील नावाची सोय नव्हती. खटला चालवायचा फिर्यादीनेच. साक्षीदार त्याने आणायचे, खर्च त्याने करायचा आणि तेवढा वेळ दुकान सोडायचं. दुसरं म्हणजे, कापडाच्या तुकड्यासाठी एखाद्याचा जीव जावा, हे अनेकांच्या मनाला पटत नव्हतं. मग माल परत घ्यायचा, दम द्यायचा आणि सोडून द्यायचं. आता गंमत बघा. फिर्याद न करण्याच्या बदल्यात माल किंवा पैसे घेणं हाही गुन्हाच होता. म्हणजे अशी तडजोड कुणी कागदावर आणणार नाही.

कोर्टातही पळवाटा होत्या. ज्युरी मालाची किंमत मुद्दाम ४ शिलिंग १० पेन्स ठरवायची, की फाशी टळली! किंवा कुणीतरी चोरी होताना पाहिली, म्हणजे ती 'नकळत' नव्हती, असं धरायची. १७१८ नंतर अशा अनेकांना ७ वर्षांसाठी अमेरिकेतल्या वसाहतींत पाठवलं गेलं.

१८०८ मध्ये सॅम्युएल रोमिली यांनी खिसेकापूंची फाशी रद्द करवली. त्यानंतर खिसेकापूंवरचे खटले वाढले. विरोधक म्हणाले, बघा, गुन्हे वाढले! रोमिली म्हणाले, नाही, लोक आता फिर्याद करायला धजावतात. आकडे तेच, अर्थ दोन. १८१० मध्ये दुकानचोरीची फाशी रद्द करणारं त्यांचं विधेयक लॉर्ड्सच्या सभागृहाने फेटाळलं. पण १८११ मध्ये कापड धुऊन शुभ्र करणाऱ्या कारखानदारांनी, म्हणजे ज्यांचा माल चोरीला जायचा त्यांनीच, आपल्या मालाच्या चोरीची फाशी काढा असा अर्ज केला आणि ती निघाली. दुकानचोरीच्या फाशीची मर्यादा १८२० मध्ये १५ पौंडांवर गेली.

तुम्ही विज्ञानाकडून आला असाल तर हे लगेच कळेल. डिटेक्टरची क्षमता माहीत नसेल, तर मोजलेल्या कणांवरून आलेले कण सांगता येत नाहीत. लंडनच्या ओल्ड बेली कोर्टाचे १६७४ ते १९१३ मधले सुमारे १ लाख ९७ हजार खटले आज ऑनलाइन वाचता येतात. त्यावरून 'चोऱ्या किती झाल्या' हे विचारू नका. 'कुणी, कुणाविरुद्ध, कशासाठी खटला भरला' हे विचारा. कारण ओळखीच्या गिऱ्हाइकाला सोडायचं की अनोळखी मोलकरणीला कोर्टात खेचायचं, हे दुकानदाराच्या मर्जीवर होतं. दया होती, पण ती मागायचा हक्क कुणालाच नव्हता.

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३(२) लागू आहे. ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी, पहिल्यांदाच दोषी आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा म्हणून समाजसेवा. निदान इथे सवलत कायद्यात लिहिलेली आहे, कुणाच्या मर्जीवर नाही. पण ती मिळते खटला चालून दोषी ठरल्यावर. दुकानातच मिटवलेलं प्रकरण तिथवर पोचतच नाही. उद्या यावर कुणी थिसिस लिहायला घेतला, तर कोर्टाचे आकडे गोळा करण्याआधी दुकानाच्या दारात काय मिटतं, ते शोधायची पद्धत आधी ठरवा.