भूजलाचा शोध आणि विद्युतरोधकता पद्धती : माळव्याच्या संदर्भात

जमिनीखालील पाण्याचा शोध घेण्याची विद्या प्राचीन आहे. गणितज्ञ अबू बक्र अल-करजी यांनी इ.स. 1017 च्या सुमारास गुप्त जलस्रोतांवर ‘इन्बात अल-मियाह अल-खफिय्या’ हा अरबी ग्रंथ लिहिला. या विद्येचे फळ सतराव्या शतकाच्या प्रारंभी बुऱ्हाणपूरच्या भूमिगत जलवाहिनीत दिसते. अब्दुर्रहीम खानखानान यांच्या काळात ती तयार झाली. बुऱ्हाणपूरच्या उत्तरेस, नर्मदेपलीकडे, देवास जिल्ह्यातील उदयनगरचा आदिवासीबहुल परिसर आहे. पाण्याचा प्रश्न तेथेही तोच; साधने मात्र बदलली.

आधुनिक साधनाचा प्रारंभ फ्रान्समध्ये झाला. 1912 मध्ये कॉनराड श्लुंबर्गर यांनी जमिनीत वीजप्रवाह सोडून भूगर्भाचा नकाशा काढण्याचा प्रयोग केला. 1915 मध्ये अमेरिकेत फ्रँक वेनर यांनी चार विद्युदग्रांची मांडणी सुचवली. बाहेरच्या दोन सळ्यांतून प्रवाह सोडावयाचा व आतील दोहोंमधील विभवांतर मोजावयाचे. सळ्यांतील अंतर वाढवीत नेले की अधिक खोलीची माहिती मिळते. मराठीतील ‘रोध’ व उर्दूतील ‘मुजाहमत’ हे दोन्ही शब्द येथे एकच गोष्ट सांगतात : खडक प्रवाहाला किती अडवतो.

माळव्याचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसाल्टने व्यापलेला आहे. टणक बेसाल्टची रोधकता शेकडो ओहम-मीटर असते. झिजलेल्या, पाणी धरणाऱ्या थराची बहुधा 20 ते 50, तर चिकणमातीची अनेकदा 10 च्या आसपास. परंतु खारे पाणीही रोधकता घटवते. म्हणून केवळ आकड्यावरून निर्णय घेता येत नाही. जवळच्या विहिरींत उघडे पडलेले थर पाहून तो ताडून घ्यावा लागतो. कर्ज काढून विंधन विहीर घेणाऱ्या शेतकऱ्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

याहून महत्त्वाची मर्यादा इतिहासाने दाखवली. पाणी कोठे असू शकेल हे यंत्र सांगते. उपसल्यानंतर ते पुन्हा भरेल काय, हे सांगत नाही. विंधन विहिरींवर विसंबलेल्या देवास शहराला 1990 मध्ये इंदूरहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या ‘समाज प्रगती सहयोग’ या संस्थेने बागली-उदयनगर भागात पाणलोट विकासाची कामे उभी केली. पुढे 2006 मध्ये तत्कालीन जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या पुढाकाराने जिल्ह्यात शेततळ्यांची मोहीम सुरू झाली आणि हजारो तळी झाली. पाणी शोधण्याइतकेच ते मुरवणेही आवश्यक आहे, ही जाणीव यातून रुजली.

महाविद्यालयीन शिक्षकांसाठी या इतिहासात एक उपक्रम दडलेला आहे. परिसरातील विहिरींचे थर व पाण्याची पातळी यांची ऋतुवार नोंद विद्यार्थी सहज ठेवू शकतात. अशा नोंदींशिवाय रोधकतेचा आलेख अपुरा राहतो. अल-करजींनीही आधी जमिनीचे निरीक्षण करावयास सांगितले होते. यंत्र आल्याने त्या निरीक्षणाची गरज संपलेली नाही.