दंड तेवढाच, मग ताकद वाढली कुठे?

उल्हासनगर असो की बदलापूर, जिम लावून महिना झाला की तक्रार ठरलेली: ‘वजन जास्त उचलतोय, पण दंड काही फुगत नाही.’ फी वाया गेली म्हणून लगेच सोडू नका.

पहिला बदल स्नायूंना हुकूम सोडणाऱ्या चेतापेशींत होतो. या मोटर न्यूरॉन पेशी मज्जारज्जूत असतात. मलंगगडाची पायरी चढताना पाऊल वर उचलणारा नडगीचा स्नायू घ्या. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याला ४ आठवडे व्यायाम दिला. त्याच्या चेतापेशी आधीपेक्षा कमी जोरातच कामाला लागू लागल्या, संदेशही भराभर सोडू लागल्या. स्नायू जाड व्हायला जास्त वेळ लागतो.

गंमत म्हणजे, एकाच हाताने डंबेल मारले तरी दुसऱ्या हाताची ताकद थोडी वाढते. एक हात प्लास्टरमध्ये असेल तर फिजिओथेरपिस्टला हे जरूर विचारा.