पन्नास वावांची किंमत

‘किंमत’ आणि ‘मूल्य’ हे शब्द व्यवहारात एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. समीक्षेच्या परिभाषेत मात्र आपण त्यांत भेद करतो. पुस्तकाची किंमत मलपृष्ठावर छापलेली असते, मूल्य वाचकाला ठरवावे लागते. हा भेद साहित्याबाहेरच्या वस्तूला लावून पाहिला तर काय हाती येते, हे तपासण्यासाठी आम्ही येथे एक घड्याळ निवडले आहे : ब्लाँपँ या स्विस कंपनीचे ‘फिफ्टी फॅदम्स’. त्याच्या पोलादी आवृत्तीसाठी आज दहा लाख रुपयांहून अधिक मोजावे लागतात. ही किंमत कशाची, असा आमचा प्रश्न आहे.

प्रथम नावाविषयी. फॅदम म्हणजे आपल्या कोकणातील दर्यावर्दी ज्याला ‘वाव’ म्हणतात ते माप. दोन्ही हात पसरले असता होणारे अंतर. इंग्रजी मापात ते सहा फूट ठरले आहे. तेव्हा पन्नास वाव म्हणजे सुमारे ९१ मीटर. दाबाखालची साधी हवा श्वासात घेऊन पाणबुड्याला ज्या खोलीपर्यंत जाता येईल असे तेव्हा मानले जाई, ती ही मर्यादा. हे नाव अलंकार म्हणून आले नाही. ते एका मर्यादेचे मोजमाप होते.

घड्याळ १९५३ मध्ये सिद्ध झाले. फ्रेंच नौदलाच्या लढाऊ पाणबुड्यांच्या तुकडीसाठी कॅप्टन रोबेर मालुबिए आणि लेफ्टनंट क्लोद रिफो घड्याळाच्या शोधात होते, आणि ब्लाँपँचे प्रमुख झाँ-झाक फिश्तेर हे स्वतः हौशी पाणबुडे होते. दोन्ही बाजूंना गरज एकच होती. पाठीवरच्या नळकांड्यातील हवा किती मिनिटे पुरेल हे ठाऊक असते; पाण्याखाली किती मिनिटे गेली, हे मात्र कळत नाही. यावर उपाय म्हणजे तबकडीभोवतीची फिरती कड. बुडी मारताना कडेवरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची, म्हणजे पुढे गेलेली मिनिटे थेट वाचता येतात. परंतु ही कड धक्क्याने सरकली तर वाचन खोटे ठरणार आणि माणूस जिवास मुकणार. म्हणून फिश्तेर यांनी ती खाली दाबल्याशिवाय फिरू नये अशी योजना केली. पुढे पाणबुड्यांच्या घड्याळांत एकाच दिशेने फिरणारी कड रूढ झाली. अशी कड चुकून सरकली, तर गेलेला वेळ प्रत्यक्षाहून अधिक दिसतो आणि पाणबुड्या लवकर वर येतो. चूक झालीच तर ती जीव वाचवणाऱ्या बाजूने व्हावी, हा विचार त्या लहानशा दातेरी कडेत आहे. गुणवत्ता या शब्दाचा इतका स्वच्छ अर्थ क्वचितच पाहावयास मिळतो.

ही गुणवत्ता मोजताही येते. पाणबुड्यांच्या घड्याळांसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ ६४२५, प्रथम १९८२ मध्ये निघाले व नंतर सुधारले गेले. त्यानुसार घड्याळ किमान १०० मीटर खोलीसाठी बनलेले असावे, नमूद खोलीच्या १२५ टक्के दाबाखाली ते तपासले जावे, अंधारात २५ सेंटिमीटरवरून वाचता यावे, आणि महत्त्वाचे म्हणजे चाचणी नमुन्यापुरती न राहता प्रत्येक घड्याळाची व्हावी. येथे रुचीला अथवा कीर्तीला जागा नाही. आणि नेमकी येथेच पंचाईत होते. याच मानकाला उतरणारे जपानी घड्याळ या किमतीच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी किमतीत मिळते. बॅटरीवर चालणारे असेल तर ते वेळही अधिक अचूक दाखवते. तेव्हा उरलेले एकोणीस हिस्से गुणवत्तेचे नाहीत, एवढे निश्चित.

मग ते कशाचे? उत्तर इतिहासात आहे. २५ डिसेंबर १९६९ रोजी सेको कंपनीने टोकियोत क्वार्ट्झवर चालणारे पहिले मनगटी घड्याळ विक्रीस आणले, आणि पुढील दीड दशकात स्विस घड्याळ-उद्योगातील बहुसंख्य नोकऱ्या गेल्या. १९८० च्या दशकात खोली आणि वेळ यांचा एकत्र हिशेब ठेवणारे डुबकी-संगणक आले. पाणबुड्याचे घड्याळ पाण्याखालीही अनावश्यक होऊ लागले. ब्लाँपँचे काम तोवर थांबलेच होते. त्याच दशकाच्या आरंभी झाँ-क्लोद बिव्हेर आणि झाक पिगे यांनी हे नाव सुमारे २२ हजार फ्रँकांस विकत घेतले. कारखाना नव्हे, कारागीर नव्हे, नाव. आपल्या कंपनीने क्वार्ट्झ घड्याळ कधी केलेच नाही, हीच त्यांनी विक्रीची मुख्य बाजू केली, आणि १९९२ मध्ये ते नाव कितीतरी पट किमतीस पुन्हा विकले गेले. भारतीय वाचकाला परिचित उदाहरण फाव्र-ल्युबाचे. विसाव्या शतकाच्या मध्यात आपल्याकडील अनेक घरांत असलेले, आणि १९६० च्या दशकात खोली दाखवणारे ‘बॅथी’ घड्याळ करणारे हे नाव २०११ मध्ये टायटनने घेतले, नंतर तेही दुसऱ्या हाती गेले. उपयोग संपला तेव्हा किंमत संपली नाही. ती वस्तूतून नावात स्थलांतरित झाली.

याहून बोलका पुरावा तबकडीवर आहे. जुन्या घड्याळांचे काटे व आकडे अंधारात दिसावेत म्हणून रेडियमयुक्त रंग लावीत. या रंगाने अमेरिकेत तबकड्या रंगवणाऱ्या कामगार स्त्रियांचे बळी घेतले होते. ओठांनी कुंचल्याला टोक काढताना विष त्यांच्या पोटात गेले. म्हणून १९६० च्या दशकात ‘फिफ्टी फॅदम्स’च्या काही तबकड्यांवर किरणोत्सारी द्रव्य नसल्याची ग्वाही देणारे चिन्ह छापले गेले. आणि २०२१ मध्ये कंपनीने ५०० घड्याळांची जी मर्यादित आवृत्ती काढली, तीत ते चिन्ह पुन्हा आले, सोबत रेडियम जुने झाल्यावर दिसते तशी पिवळट छटा दिलेला नवा, निरुपद्रवी रंग. जे विष नाही त्याला विषाची कांती, आणि त्याच तबकडीवर विष नसल्याची ग्वाही! इशारा हा अलंकार झाला.

येथे एक योगायोग नोंदवला पाहिजे. फिश्तेर हे इतिहासकार व कादंबरीकारही होते. त्यांच्या ‘तिरे आ पार’ (१९९३) या कादंबरीत एक प्रकाशक सूड म्हणून जुने भासेल असे बनावट पुस्तक तयार करतो, जेणेकरून एका कीर्तिमान लेखकाची नवी कादंबरी त्यावरून चोरलेली ठरावी. वस्तूचे वय बदलले की तिचा अर्थ बदलतो, हे त्या कादंबरीचे मर्म. आज जुन्या घड्याळांच्या बाजारात तबकडी मूळची की नंतर रंगवलेली, यावरून किमतीत प्रचंड फरक पडतो. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना ही चिंता परकी वाटू नये.

तेव्हा मूल्यमापन करणाऱ्याने तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. पहिला, चाचणीचा : वस्तू आपले काम करते काय? याचे उत्तर मानक देते, आणि ते स्वस्तातही मिळते. दुसरा, टिकण्याचा : घड्याळ उघडून दुरुस्त करता येते काय, रबरी कडी बदलून दाब पुन्हा तपासता येतो काय? २०२३ मध्ये स्वॉचने हेच नाव लावून सुमारे ४०० डॉलरचे घड्याळ काढले. त्याचे यंत्र दुरुस्तीसाठी बनवलेलेच नाही. येथे महागड्या घड्याळाची बाजू खरोखर वरचढ आहे, आणि ती मान्य केली पाहिजे. तिसरा, इतिहासाचा : आपण ज्या कथेचे पैसे देतो ती सांगतो कोण? या घड्याळांचा इतिहास बहुतांशी विकणाऱ्यांनीच लिहिलेला आहे.

इतिहासासाठी पैसे मोजणे हा मूर्खपणा आहे, असे आम्ही म्हणत नाही. जुन्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीसाठी आपणही मोजतोच. मात्र लेखकाने स्वतःच्या ग्रंथाला लिहिलेली प्रस्तावना आपण पुरावा म्हणून स्वीकारीत नाही. ती संहितेशी ताडून पाहतो. विक्रेत्याने सांगितलेल्या कथेलाही हाच न्याय लावावा. १९५३ च्या घड्याळाचे मूल्य एका माणसाला वेळेत वर आणण्यात होते. आजच्या घड्याळाची किंमत त्या मूल्याची आठवण विकते. आठवण खरी असू शकते. तरीही ती आठवणच, हे उमजून घ्यावे आणि मगच पाकिटाला हात घालावा.