तुकाराम ओंबळे: एक काठी, एक बंदूक आणि एक कोळी

आजच्या गोष्टीची सुरुवात एका कोळ्यापासून करतो. मासे पकडणारा कोळी नाही हं, भिंतीवरचा. आठ पायांचा.

२०२१ मध्ये ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या एका कोळ्याची शास्त्रज्ञांनी नवी जात म्हणून नोंद केली. आकार काही मिलिमीटर. हा उडी मारणाऱ्या कोळ्यांच्या कुळातला. म्हणजे हा गडी जाळं विणून भक्ष्य येण्याची वाट बघत बसत नाही, समोर दिसलं की थेट झेप घेतो. त्याचं नाव ठेवलं 'इसियस तुकारामी'. यातला 'तुकारामी' म्हणजे लॅटिनच्या व्याकरणात 'तुकारामचा'. तुम्हाला वाटेल संत तुकाराम. पण नाही. हे तुकाराम गोपाळ ओंबळे. मुंबई पोलिसांतले सहायक फौजदार.

नाव तुम्ही ऐकलेलं असणार. दर २६ नोव्हेंबरला स्टेटसवर फोटो येतो, खाली 'सलाम' लिहिलेलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी तो गायब होतो. तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा बालवाडीत असतील, काही जन्मलेलेही नसतील. म्हणून आज जरा निवांत बसून बघू, की त्या रात्री नेमकं काय घडलं आणि त्या माणसानं जे केलं त्यातून पुढे काय काय झालं. कारण 'शूर होते, शहीद झाले' एवढ्यावर गोष्ट संपवली तर अर्धी हातातून निसटते.

ओंबळे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातले, गाव केडंबे. डोंगराचा भाग, शेती थोडी, पाऊस भरपूर. इथल्या माणसाला पोटासाठी घाट उतरावाच लागतो. कुणी मुंबईत माथाडी होतो, कुणी फौजेत जातो. ओंबळे फौजेत गेले, सिग्नल कोअरमध्ये. तिथून नायक म्हणून निवृत्त झाले आणि १९९१ साली मुंबई पोलिसांत शिपाई म्हणून भरती झाले. म्हणजे एक अख्खी नोकरी करून झाल्यावर दुसरी, आणि तीही अगदी खालच्या पायरीपासून. २००८ पर्यंत ते सहायक फौजदार झाले होते. नेमणूक डॉ. दा. भ. मार्ग पोलीस ठाण्यात, ज्याला मुंबईकर 'डीबी मार्ग' म्हणतात.

आता ती रात्र.

२६ नोव्हेंबर २००८, बुधवार. समुद्रातून आलेले दहा जण दोन-दोनच्या जोड्यांनी शहरात पसरले. त्यातली एक जोडी म्हणजे अजमल कसाब आणि इस्माईल खान. हे दोघे छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गेले आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांची वाट बघत सामानावर डोकं टेकून बसलेल्या माणसांवर गोळ्या चालवल्या. पन्नासहून जास्त माणसं तिथेच गेली. तिथून ते कामा हॉस्पिटलमध्ये शिरले. बाहेर पडल्यावर शेजारच्या रंगभवनच्या गल्लीत त्यांनी पोलिसांच्या क्वालिस गाडीवर बेछूट गोळीबार केला. हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे तीन अधिकारी इथे गेले. त्याच गाडीत मागे शिपाईही होते आणि त्यांतलेही गेले, हे मात्र सांगताना बऱ्याचदा राहून जातं. अरुण जाधव तेवढे जखमी होऊन वाचले.

हीच क्वालिस घेऊन दोघे निघाले. टायर पंक्चर झालं, तेव्हा वाटेत एक चंदेरी स्कोडा अडवली, आतल्या लोकांना खाली उतरवलं आणि मरीन ड्राइव्हनं चौपाटीच्या दिशेनं सुटले. वायरलेसवर संदेश गेला. गिरगाव चौपाटीला डीबी मार्गच्या पोलिसांची नाकाबंदी लागलेली होतीच.

इथे जरा थांबू. नाकाबंदी म्हणजे तुमच्या-माझ्या डोक्यात काय येतं? हेल्मेट आहे का, लायसन दाखव, फुंकर मार. ती रात्रही त्याच सामानानिशी उभी होती. लोखंडी बॅरिकेड, शिट्ट्या, काठ्या, अधिकाऱ्यांकडे पिस्तुलं. ओंबळेंच्या हातात काठी. आणि समोरून येणाऱ्या गाडीत एके-४७. ही बंदूक सतत चालवली तर सेकंदाला साधारण दहा गोळ्या सोडते. मॅगझिनमध्ये तीस. हा हिशेब डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

मध्यरात्र उलटून गेलेली. स्कोडा बॅरिकेडच्या थोडी अलीकडेच थांबली. हेडलाइट पूर्ण चालू. पोलीस ओरडले, लाइट बंद करा. त्यावर आतल्यांनी काचेवर पाण्याचे फवारे सोडले आणि वायपर सुरू केले. आतलं काही दिसू नये म्हणून. मग गाडी वळवून पळायचा प्रयत्न केला आणि ती दुभाजकाला जाऊन अडकली. गाडी चालवत होता इस्माईल. त्यानं गोळीबार सुरू केला, पोलिसांनी उत्तर दिलं आणि तो मारला गेला.

डाव्या बाजूनं कसाब उतरला. शरण येतोय असं क्षणभर वाटलं. तो खाली पडला आणि त्यानं बंदूक वर केली. त्या क्षणी ओंबळे त्याच्या अंगावर गेले आणि दोन्ही हातांनी त्यांनी बंदुकीची नळी धरली.

बास. कृती एवढीच. पण बंदुकीचं काम कसं चालतं ते बघा. एके-४७ घेतलेला माणूस धोकादायक असतो, कारण तो नळी फिरवू शकतो. डावीकडून उजवीकडे एक फेर धरला की समोरची दहा माणसं आडवी. ओंबळेंनी नळी धरून ठेवली आणि तो फेर बंद झाला. बंदूक आता एकाच दिशेला रोखलेली होती, आणि त्या दिशेला ते स्वतः होते. गोळ्या सगळ्या त्यांच्या पोटात आणि छातीत गेल्या. जवळच असलेले अधिकारी संजय गोविलकर यांनाही गोळी लागली. तरीही नळीवरची पकड सुटली नाही, आणि तेवढ्या वेळात बाकीच्या पोलिसांनी काठ्यांनी बडवून कसाबला जेरबंद केलं.

ओंबळे माजी फौजी होते. बंदुकीच्या पुढच्या टोकातून काय बाहेर येतं हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मला वाटतं, या गोष्टीत हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. हे अनवधानानं घडलेलं नाही.

आता पुढचं. दहापैकी नऊ जण मारले गेले. जिवंत हाती लागला तो एकटा कसाब. आणि तो जिवंत होता म्हणून काय झालं ते ऐका.

या दोघांकडे खोटी ओळखपत्रं होती. हैदराबादच्या एका कॉलेजची. त्यावर नावं भारतीय, हिंदू. कसाबच्या कार्डावर 'समीर चौधरी'. समजा नाक्यावर दोघेही मेले असते आणि खिशात ही कार्डं सापडली असती, तर? पुढचे कित्येक महिने आपण हैदराबादमध्ये कुणाला तरी शोधत बसलो असतो. आणि तेवढ्यात कुणीतरी कुणावर तरी संशय घेतला असता, कुठेतरी दगड पडले असते. हे मी घाबरवायला सांगत नाही. हा माल त्याचसाठी खिशात ठेवला होता.

कसाब जिवंत होता, बोलत होता, त्यामुळे ते झालं नाही. सुरुवातीला पाकिस्ताननं तो आपला नाहीच म्हटलं. मग जानेवारी २००९ मध्ये त्यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार महमूद अली दुर्रानी यांनी तो पाकिस्तानीच असल्याचं जाहीरपणे मान्य केलं, आणि त्याच दिवशी त्यांची नोकरी गेली. पण सरकारलाही ते कबूल करावंच लागलं. फेब्रुवारीत तिथले गृहमंत्रालय सांभाळणारे रहमान मलिक यांनी कटाचा काही भाग आपल्या देशात शिजल्याचं मान्य केलं.

इकडे खटला उभा राहिला. न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांच्या विशेष न्यायालयानं मे २०१० मध्ये कसाबला दोषी ठरवून फाशीची शिक्षा दिली. फेब्रुवारी २०११ मध्ये उच्च न्यायालयानं आणि २९ ऑगस्ट २०१२ ला सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली. तेव्हा बरेच जण म्हणायचे, चार वर्षं कशाला पोसलं, तिथेच गोळी घालायची. माझं मत वेगळं आहे. साक्षीपुरावे, उलटतपासणी, आरोपीला सरकारी खर्चानं वकील, अपील, हे सगळं झालं म्हणून १६६ माणसांच्या मृत्यूची एक पक्की नोंद जगासमोर राहिली, जी कुणाला खोडता येत नाही. आणि त्या नोंदीची सुरुवात चौपाटीवरच्या त्या नळीपाशी होते.

२६ जानेवारी २००९. दिल्लीत ओंबळेंना मरणोत्तर अशोकचक्र जाहीर झालं. शांततेच्या काळातला देशातला सर्वोच्च शौर्य पुरस्कार. करकरे, कामटे, साळसकर यांनाही तोच. सहायक फौजदार आणि एटीएसचे प्रमुख एकाच यादीत, एकाच पातळीवर. पोलीस खात्यातली उतरंड ज्याला माहीत आहे त्याला यातलं मोठेपण कळेल. खात्यात फौजदार साहेबाला सॅल्यूट ठोकतो, साहेब फौजदाराला नाही. पुढे चौपाटीवर पुतळा झाला. तिथून जवळच लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे, १९२० साली त्यांचे अंत्यसंस्कार झाले त्या जागेवर.

पुतळ्यांबद्दल माझी थोडी तक्रार आहे, ती सांगूनच टाकतो. पुतळा झाला की आपण सुटलो असं आपल्याला वाटतं. राम प्रधान समितीनं २००९ मध्ये हल्ल्याच्या हाताळणीवर अहवाल दिला, त्यात गोळ्यांच्या तुटवड्यामुळे पोलिसांचा नेमबाजीचा सराव नीट होत नव्हता हेही आलं. पुढे 'फोर्स वन' उभं राहिलं, शस्त्रं आली. चांगलंच झालं. पण 'काठीनं एके-४७शी लढले' हे वाक्य आपण अभिमानानं म्हणतो तेव्हा त्यातला अर्धा भाग अभिमानाचा नाही. काठी ही त्यांची निवड नव्हती.

आता थोडं मागे जाऊ, पार १९५९ मध्ये. लडाखमध्ये सोळा हजार फुटांच्या आसपास 'हॉट स्प्रिंग्ज' नावाची जागा आहे. तेव्हा तिबेटच्या सीमेवर गस्त घालायचं काम फौजेचं नव्हतं, पोलिसांचं होतं. २० ऑक्टोबरला टेहळणीला गेलेल्या तुकड्यांपैकी एक परतली नाही. दुसऱ्या दिवशी करमसिंग नावाचे अधिकारी वीसेक जणांना घेऊन शोधायला निघाले. दुपारी चिनी सैनिकांनी टेकडीवरून गोळीबार केला. दहा पोलीस गेले, काही पकडले गेले, त्यात करमसिंगही होते. मृतदेह चिन्यांनी परत केले ते १३ नोव्हेंबरला, म्हणजे तीन आठवडे उलटून गेल्यावर. पुढच्या वर्षी ठरलं की २१ ऑक्टोबर हा देशभर पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळायचा. २०१८ मध्ये याच तारखेला दिल्लीत चाणक्यपुरीत राष्ट्रीय पोलीस स्मारक खुलं झालं. तीस फुटांची अखंड ग्रॅनाइटची शिळा, वजन २३८ टन, आणि स्वातंत्र्यापासून गेलेल्या ३४ हजारांहून जास्त पोलिसांची नावं.

मुंबईत हा दिवस नायगावच्या पोलीस मैदानावर पाळतात. बिगुल वाजतो, शस्त्रं उलटी होतात आणि वर्षभरात देशभरात गेलेल्या पोलिसांची नावं वाचली जातात. वर्ष मोजतात १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट. या हिशेबानं ओंबळे २००९ च्या यादीतले.

आता त्याच यादीत आणखी कोण आहे ते बघा. २६ जानेवारीला दिल्लीत अशोकचक्र दिलं गेलं, आणि त्यानंतर सहाच दिवसांनी, १ फेब्रुवारी २००९ ला, गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मरकेगावजवळ नक्षलवाद्यांच्या हल्ल्यात पंधरा पोलीस मारले गेले. मे महिन्यात त्याच तालुक्यात हत्तीगोट्याजवळ आणखी सोळा, त्यांत महिला शिपाईही होत्या. ऑक्टोबरमध्ये, स्मृतिदिनाच्या दोन आठवडे आधी, लाहेरीत सतरा. हे सतरा पुढच्या वर्षीच्या यादीत गेले.

महाराष्ट्र पोलीस तेच, गणवेश तोच, वर्ष तेच. मी हा एपिसोड तयार करायला बसलो तेव्हा स्वतःलाच विचारलं, यातली किती नावं मला येतात? ओंबळेंचं आलं. क्वालिसमधल्या तीन अधिकाऱ्यांची आली. सीएसटीवर गेलेले रेल्वे पोलिसांचे निरीक्षक शशांक शिंदे आठवले. मरकेगावचं एकही आलं नाही. तिथे टीव्हीचे कॅमेरे नव्हते, सीसीटीव्ही नव्हता, आणि मुंबईपासून ते गाव सुमारे हजार किलोमीटरवर आहे.

पुढच्या एपिसोडला मरकेगाव घेतोय. गडचिरोलीकडचं कुणी ऐकत असेल, तर तिकडे ही गोष्ट कशी सांगतात ते मेसेज करून नक्की कळवा.